प्रश्न मुदतीचा आहे

अमेरिकेतल्या विद्यापीठीय बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा एप्रिलच्या सुरुवातीला संपते आणि तिच्या पाठोपाठ दरवर्षी एकच विलाप सुरू होतो. अमुक खेळाडू विद्यापीठ सोडून चालला, तिकडे त्याला इतके लाख डॉलर मिळणार, निष्ठा म्हणून काही उरली नाही, पैशाने खेळ नासवला. जुने प्रशिक्षक हे बोलतात, समालोचक बोलतात आणि तिथे शिकून तिथेच स्थायिक झालेले, आजही आपल्या विद्यापीठाच्या रंगाचा सदरा घालून सामने पाहणारे मराठी माजी विद्यार्थीही हेच बोलतात. या विलापामागचं दुःख खरं आहे. निदान मात्र चुकलेलं आहे. आणि या चुकलेल्या निदानावर आता नियम आणि कायदे बेतले जाऊ पाहत आहेत, म्हणून त्याचा समाचार घेणं भाग आहे.

पूर्वपीठिका बहुतेकांना माहीत आहे. एनसीएए या नियामक संस्थेने कित्येक दशकं खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळू दिलं नाही. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या विरोधात निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि छबी यांचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस खटल्यातल्या तडजोडीने पुढचं पाऊल टाकलं: आता विद्यापीठं स्वतः आपल्या खेळाडूंना पैसे देऊ शकतात; २०२५-२६ साठी याची मर्यादा सर्व खेळाडूंना मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. पण २०२१ मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तोवर विद्यापीठ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला एक वर्ष बाकावर बसावं लागे. ती अट पहिल्या बदलापुरती उठली आणि २०२४ मध्ये पुरतीच गेली. म्हणजे पैसा आला आणि मुदत गेली, या दोन्ही गोष्टी जवळपास एकाच वेळी घडल्या. दुसरीने केलेलं नुकसान पहिलीच्या खात्यावर मांडलं जात आहे.

ज्या मताशी माझं भांडण आहे ते असं: चाहत्याचं विद्यापीठीय खेळाडूवरचं प्रेम तो बिनपगारी असण्यावर उभं आहे, पगार दिला की ते प्रेम आटणार. ही केवळ गप्पांतली समजूत नाही. एनसीएएने न्यायालयात हाच बचाव मांडला होता. हौशीपणा हाच आमच्या खेळाचा वेगळेपणा आहे आणि प्रेक्षक त्यासाठीच येतो, असं तिचं म्हणणं होतं.

हा बचाव तपासून पाहावा. २०१० मध्ये याच एनसीएएने आपल्या स्पर्धेचे दूरचित्रवाणी हक्क चौदा वर्षांसाठी १० अब्ज ८० कोटी डॉलरना विकले. प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांत गेले. चाहत्याला हे सगळं दिसत होतं आणि तरी तो दुरावला नाही. मिशिगनच्या १९९० च्या दशकातल्या त्या गाजलेल्या पाच नवख्यांपैकी क्रिस वेबरला संघाच्या एका समर्थकाकडून पैसे मिळाल्याचं पुढे उघड झालं, विद्यापीठाला १९९२ आणि १९९३ च्या अंतिम चारांतल्या नोंदी रद्द कराव्या लागल्या. पण त्या संघावरची माया नियमपुस्तिकेला रद्द करता आली नाही. २०१७ मध्ये एफबीआयने सहायक प्रशिक्षकांना आणि आदिदासशी संबंधित माणसांना अटक केली, तेव्हा खेळाडू मिळवण्याच्या व्यवहारात रोकड पूर्वीपासून फिरत होती हे सगळ्या देशाने पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये सामने तितक्याच उत्साहाने पाहिले गेले.

पैसे उघडपणे मिळू लागल्यावर काय झालं? केटलिन क्लार्क ही आयोवातलीच मुलगी, आयोवा विद्यापीठातच चार वर्षं खेळली. नायकी, गेटोरेड, स्टेट फार्म अशा कंपन्यांशी तिचे करार विद्यार्थी असतानाच झाले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचा संघ फुटबॉलच्या मैदानात एक सराव सामना खेळला आणि तो पाहायला ५५,६४६ माणसं आली. २०२४ चा महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला एवढे प्रेक्षक मिळाले नाहीत. महिला बास्केटबॉलच्या इतिहासातली ही सर्वांत लाडकी विद्यार्थिनी त्या काळातल्या सर्वाधिक कमावणाऱ्यांपैकी एक होती. पैशाने प्रेम आटतं या सिद्धान्ताने एवढं तरी समजावून सांगावं.

क्लार्क अपवाद आहे असं कुणी म्हणेल. ठीक आहे, पुरुषांच्या स्पर्धेकडे वळू. पहिल्या मानांकनाच्या संघाने सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरावं असं पुरुषांच्या स्पर्धेत आजवर दोनदा घडलं आहे. २०१८ मध्ये व्हर्जिनिया हरलं, २०२३ मध्ये पर्ड्यू. व्हर्जिनियाचे काइल गाय, टाय जेरोम, डिआंद्रे हंटर परत आले आणि २०१९ मध्ये विजेते ठरले. पर्ड्यूचा झॅक ईडी आणि त्याचे सोबती परत आले आणि २०२४ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. तिथे ते कनेटिकटकडून हरले, पण गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. यातला एक प्रसंग पैसा येण्याआधीचा आहे आणि एक नंतरचा. दोन्हींत समान काय? ज्यांची मान खाली गेली त्यांनीच ती पुन्हा वर केली. चाहत्याला हे हवं असतं. खेळाडू गरीब आहे की श्रीमंत याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. काल पडलेलाच आज उठतो आहे ना, हे त्याला पाहायचं असतं. (ईडी कॅनडाचा, विद्यार्थी व्हिसावर आलेला. आपल्याकडे घरोघरी पाठ असलेल्या त्या नियमांमुळे कमाईचे बरेच मार्ग त्याला बंद होते, म्हणूनच तो टिकला, असं म्हणता येईल. पण ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे अमेरिकी सोबती कमवू शकत होते आणि तेही टिकले.)

माझं म्हणणं एवढंच आहे की या चर्चेत रक्कम आणि मुदत या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. रक्कम किती, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो बऱ्याच उशिरा का होईना योग्य दिशेने सुटू लागला आहे. खेळाडू किती काळ राहणार, हा नात्याचा प्रश्न आहे. मुदत आखडण्याची सुरुवातही पैशाने केलेली नाही. २००६ पासून एनबीए या व्यावसायिक लीगने शाळेतून थेट येणाऱ्यांना दार बंद केलं आणि अठरा वर्षांची असामान्य मुलं एका वर्षापुरती विद्यापीठात येऊ लागली. केंटकीने २०१२ चं विजेतेपद अँथनी डेव्हिसच्या जोरावर मिळवलं, तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता आणि लगेच निघून गेला. त्या वेळी कुणालाही कायदेशीर मोबदला मिळत नव्हता.

मायामीचं उदाहरण तर या फरकासाठी पुरेसं आहे. एप्रिल २०२२ मध्ये नायजेल पॅक कॅन्सस स्टेट सोडून मायामीला गेला. तिथल्या एका उद्योजकाच्या कंपनीने त्याला आठ लाख डॉलर आणि गाडी देऊ केल्याचं जाहीर झालं आणि देशभर ओरड झाली. त्या ओरडीत एक तपशील हरवला: तो करार दोन वर्षांचा होता, आणि पॅक त्यानंतरही मायामीतच खेळला. पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, संघ अंतिम चारांत पोहोचला. त्यानंतर काय झालं ते प्रशिक्षक जिम लारानागा यांनी डिसेंबर २०२४ मध्ये हंगामाच्या मध्यावर निवृत्त होताना सांगितलं. त्या यशानंतर खेळाडूंशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा आठ जणांनी आपण पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या यादीत, नाव घालणार असल्याचं कळवलं होतं. ज्याच्या रकमेवर सगळे तुटून पडले तो टिकला. ज्यांच्यापुढे दर वसंतात दार उघडं होतं ते उठले.

खेळाडू निवडण्याचं कामच यामुळे बदललं आहे. पूर्वी प्रशिक्षक सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर बसायचा आणि चार वर्षांचं काहीतरी बोलायचा. आता त्याला येत्या मार्चमधल्या स्पर्धेची चिंता असते. अशा वेळी दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा खेळाडू किंवा युरोपातल्या क्लबात मुरलेला तरुण नवख्या मुलापेक्षा त्याला सोयीचा वाटतो. याची झळ शाळेतून निघणाऱ्या साधारण गुणवत्तेच्या मुलांना बसते, आणि छोट्या महाविद्यालयांना तर अधिकच. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनावरून केंटकीला हरवत अंतिम आठांत पोहोचलं. काही दिवसांत प्रशिक्षक शाहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि संघही विखुरला. हॉलोवे यांच्या जाण्याला सगळ्यांनी प्रगती म्हटलं. हाच शब्द खेळाडूंसाठी मात्र कुणाला सुचत नाही.

चाहत्याची भूमिकाही बदलली आहे. समर्थकांची मंडळं दरमहा वर्गणी गोळा करतात आणि ती खेळाडूंकडे जाते. वर्गणी मागण्यात मला गैर वाटत नाही. ज्यांच्यावर जीव लावायचा त्यांना काही द्यावं, हे चांगलंच. पण एका वर्षाच्या करारात हे देणं दर वसंतात पुन्हा मागितलं जातं: मागच्या वर्षी ज्याला आणलं त्यालाच राखण्यासाठी पुन्हा द्या. आपल्या पैशावर कुणी किती दिवस राहतो याचा हिशेब करायला लागलेला चाहता हळूहळू मालकासारखा बोलू लागतो. ही वृत्ती मला पगारापेक्षा जास्त घातक वाटते.

बाकीची मतं थोडक्यात. फुकट शिक्षण मिळतं तेवढं पुरे, हे मत न्यायालयात टिकलेलं नाही. बाजार आपोआप सगळं सावरेल, हे मत बाजाराच्या बाजूनेही कधी सिद्ध झालेलं नाही. आणि संसदेने एनसीएएला स्पर्धाविरोधी कायद्यातून सूट द्यावी ही मागणी तर हरलेल्या पक्षाने निकालच पुसून टाकण्याची मागणी आहे.

मुदत परत कशी आणायची? जुना बाक परत आणून नाही. ती एकतर्फी शिक्षा होती. दोन-तीन वर्षांचे करार व्हावेत आणि ते दोघांनाही बांधणारे असावेत. खेळाडूने राहायचं, तर दुखापत झाली तरी विद्यापीठाने पैसे आणि जागा काढून घ्यायची नाही, आणि खेळ संपल्यावर पदवी पुरी करण्याचा खर्चही उचलायचा. अडचण अशी आहे की विद्यापीठांना बांधिलकी हवी आहे, मालक म्हणवून घेणं मात्र नको आहे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापन करायचं ठरवलं. विद्यापीठाने वाटाघाटीला बसायलाच नकार दिला. वर्षाच्या अखेरीस खेळाडूंच्या बाजूने अर्ज मागे घेण्यात आला. मुदतीचं बोलणं जिथे होऊ शकलं असतं ते टेबल असं मांडण्याआधीच उचललं गेलं.

म्हणून पर्ड्यू, मिशिगन, इलिनॉय अशा विद्यापीठांतून शिकलेल्या आणि आजही त्यांच्या संघांना देणगी देणाऱ्या मराठी वाचकांना माझी विनंती आहे. पुढचं आवाहन आलं की किती रक्कम जमवायची आहे हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: करार किती वर्षांचा आहे, आणि गुडघा गेला तर त्या मुलाला काय मिळेल? उत्तर लेखी मिळेपर्यंत चेकवर सही करू नका.