अक्कांच्या चहाचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या एका गावात अक्का ब्लाउज शिवतात. गावातल्या सासूपासून नातसुनेपर्यंत सगळ्यांची मापे त्यांच्या वहीत आहेत. सकाळी मशीनवर बसल्या की दिवेलागणीलाच उठायचे. मध्ये हात थांबायचा तो फक्त चहासाठी.

वयाच्या 58व्या वर्षी, ऐन पावसाळ्यात, ओल्या अंगणात त्यांचा पाय घसरला. त्यांनी हात टेकला आणि मनगट मोडले. प्लॅस्टर घालताना डॉक्टरीणबाई गप्पच होत्या. उभ्या उभ्या पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. मोडले तर ते आधीच विरळ झाले असावे, अशी शंका घ्यायची असते. त्यांनी अक्कांना कोल्हापूरला हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीला पाठवले, सोबत रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफीही करून आणायला सांगितली. हाडांचा टी-स्कोअर उणे 2.7 आला. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. ड जीवनसत्त्व फार कमी होते, एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम वाढलेले होते आणि सोनोग्राफीत लिहिले होते, फॅटी लिव्हर, ग्रेड 2.

“लिव्हर? मी जन्मात दारूला शिवले न्हाई!” अक्कांना रडूच आले. आजाराच्या दुखण्यापेक्षा लोक काय म्हणतील याचे दुःख मोठे होते. या आजाराने आपल्याकडच्या कितीतरी बायकांना असे उगीच शरमिंदे केले आहे. म्हणून स्पष्टच सांगायला हवे की दारूचा थेंबही न घेता यकृतात चरबी साठते. साखर, बसून काम, पोटावरची चरबी आणि मधुमेहाकडे झुकलेले शरीर एवढे त्याला पुरते.

घरी सगळे जमले आणि आरोपी ठरायला वेळ लागला नाही. चहा! चहाने हाडे झिजतात, चहाने पित्त होते, चहानेच लिव्हर गेले. शेजारचे तात्या म्हणाले, “साखर सोडा, गुळाचा चहा घ्या. आपला कोल्हापुरी गूळ, त्यानं काय होतंय?” पुण्याच्या भाच्याने ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या. लिव्हरची चरबी उतरते, असे डबीवर छापले होते. अक्कांनी मनावर घेतले. चहा एका दिवसात बंद केला, दोन दिवस डोके दुखले तेही सोसले. आल्यागेल्याबरोबर आता कोकम सरबत होऊ लागले, साखर घालून. कॅप्सूल दिवसाला तीन.

तीन महिन्यांनी एसजीपीटी आणखी वाढले होते.

डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूलची डबी हातात घेतली आणि पहिल्यांदा ती बंद करायला लावली. पानांवर गरम पाणी ओतून केलेला ग्रीन टी वेगळा आणि त्याच पानांचा दाट अर्क गोळीत भरलेला वेगळा. त्यातले ईजीसीजी नावाचे द्रव्य गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेले, तर यकृताची एन्झाइम वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच सांगून ठेवले आहे. अक्कांच्या तीन गोळ्या त्या आकड्यापलीकडे जात होत्या.

मग बाई म्हणाल्या, “अक्का, तुम्ही गिऱ्हाइकाचं माप घेताना नुसती छाती मोजता का? खांदा, बाही, कंबर सगळं लिहिता ना? चहाचंही तसंच लिहू. पूर्वी चहाबरोबर काय काय जायचं?”

सून शेजारीच बसली होती. वही तिनेच उघडली. सहा कप. कपाला दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे, साधारण 60 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. प्रत्येक कपाबरोबर दोन खाऱ्या किंवा टोस्ट. दुपारच्या जेवणावर लगेच एक कप, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागू द्यायचे नाही. रात्री भूक मेली म्हणून चहा-बटर, दूधभाकरी नाही. उन्हात जाणे कपडे वाळत घालण्यापुरते.

सून लिहिता लिहिता थांबली. “मग यात चहाचं काय चुकलं?”

“थोडंच,” बाई म्हणाल्या. चहातल्या कॅफिनने लघवीतून कॅल्शियम जरासे जास्त जाते, पण दोनेक चमचे दूध ते भरून काढते. उलट 2000 साली केंब्रिजच्या एका पाहणीत 65 ते 76 वयाच्या चहा पिणाऱ्या बायकांची हाडे न पिणाऱ्यांपेक्षा किंचित घट्ट आढळली होती. तेवढ्याने चहा हाडांचे औषध ठरत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. गूळ यकृताला साखरच वाटतो, तोही कमीच. सरबतातली साखरही साखरच.

आणि ड जीवनसत्त्व? “उन्हातून आलेल्या ‘ड’ला लिव्हर कच्चा टाका घालतं, मूत्रपिंड पक्की शिलाई मारतं, तेव्हा कुठं कॅल्शियम हाडात बसतं. तुमचं लिव्हर अजून टाका घालू शकतं, अक्का. त्याला कापडच मिळत नाही.”

पुढचे अवघड होते. वजन पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी सूजही ओसरते. पण उपाशी राहून भराभर उतरवले तर चरबीबरोबर स्नायू आणि हाडही जाते. अक्का तर आठवड्यात तीन उपास करणाऱ्या! बाईंनी ते कमी करायला लावले. ताटात डाळ, उसळ, दही, नाचणीची भाकरी, तिळाची चटणी. हाडांचे औषध आणि ‘ड’च्या मात्रा वेळेवर. दर तासाला मशीनवरून उठून खुर्चीला धरून दहा उठाबशा, सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर नव्हे तर आपल्याच पाणंदीतून भरभर चालणे. चहा सुरू, दोन कप, बिनसाखरेचा, जेवणापासून तासभर दूर.

बिनसाखरेचा पहिला घोट अक्कांनी तोंड वाकडे करून गिळला. सुनेने स्वतःच्या कपातलीही साखर सोडली. त्या घरात झालेले सगळ्यांत मोठे काम मला हे वाटते, कारण एकट्या बाईने पथ्य पाळायचे आणि बाकीच्यांनी समोर गोड ओरपायचे, असे पथ्य फार काळ टिकत नाही.

वर्षाने वजन सहा किलोंनी उतरले होते, 74 वरून 68. एसजीपीटी नेमात आले, सोनोग्राफीत ग्रेड 1. टी-स्कोअर मात्र उणे 2.6. अक्का हिरमुसल्या. बाईंनी समजावले की हाड सावकाश चालते. या वयात घसरण थांबली हीच कमाई आहे, औषध आणि चालणे सोडायचे नाही.

परवा तात्या दारात उभे. त्यांच्याही सोनोग्राफीत तेच निघाले होते. “अक्का, त्या कॅप्सूल उरल्यात का? आणि चहा किती दिवस बंद ठेवू?”

“कॅप्सूल न्हाईत,” अक्का म्हणाल्या. “चहा घ्या, आत या. दिवसभरात काय काय खाता ते सांगत जा, सून लिहून घेईल. आणि उद्या सहाला पाणंदीच्या तोंडाशी थांबा, येताना रिपोर्ट घेऊन या. दहाला बाईंकडं जायचंय.”