ढोलीचा रकाना

यादीत ते झाड सत्तेचाळिसावे होते. पुण्यातल्या एका जुन्या बंगल्याचे आवार पुनर्विकासाला गेले होते. वृक्षतोडीच्या नोटिशीवर हरकत घ्यायची म्हणून शेजाऱ्यांनी मला सोबत बोलावले होते. एप्रिलचे दिवस. बुंध्यावर पांढरा पट्टा ओढून त्यावर आकडा लिहिलेला. हातातल्या तक्त्यात त्या आकड्यापुढे नोंद होती : उंबर, घेर २१० सेंमी, प्रकृती खराब, खोड पोकळ, काढणे. आम्ही वर पाहिले. पंधराएक फुटांवर ती पोकळी होती, पण तिचे तोंड लिंपून बंद केलेले, मधे बोटभर फट. थोड्या वेळाने राखी धनेशाचा नर आला, खोडाला बिलगून बसला आणि घशातून एकेक फळ वर आणून त्या फटीतून आत देऊ लागला.

आत मादी होती. धनेशाची मादी अंडी घालण्याआधी ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती यांनी दार लिंपून घेते. मग आठवडेच्या आठवडे तिचे आणि पिल्लांचे पोट नराच्या चोचीवर चालते. याच काळात ती पंखांची पिसे गाळते. त्या दिवसांत झाड पडले, तर तिला उडूनही जाता येत नाही.

तक्ता खोटा नव्हता, आणि हेच मला अजून छळते. जात बरोबर होती, घेर बरोबर होता, खोड खरोखरच पोकळ होते. ज्याने नोंद केली त्याने टेप नीट धरली होती. पण त्याच्या रकान्यांमध्ये पोकळ खोड म्हणजे रोग होता, धोका होता. धनेशाला, पिंगळ्याला, पोपटाला, गव्हाणी घुबडाला तीच पोकळी म्हणजे घर. यातल्या बहुतेकांना स्वतः खोड कोरता येत नाही. तांबट आणि सुतार कोरतात ते त्यांच्या मापाचे. धनेशाला हवी तेवढी ढोली व्हायला झाडाची एखादी जाड फांदी मोडावी लागते, तिथे पाणी मुरावे लागते, बुरशी लागावी लागते आणि मग दशके जावी लागतात. म्हणजे वन्यजीवांच्या दृष्टीने आवारातले सर्वांत मोलाचे झाड आपल्या सर्वेक्षणात सर्वांत आधी तोडायच्या यादीत जाते. चूक मोजणाऱ्याची नाही, मोजणी कशासाठी केली जाते त्यात ती आहे.

आपल्याकडे बांधकामासाठी होणारे वृक्ष सर्वेक्षण हे झाडे कापण्याच्या अर्जाचे एक जोडपत्र असते. आधी इमारतीचा नकाशा तयार होतो, तळघर आणि पार्किंग आखले जाते, आणि त्यानंतर त्या रेषांच्या आत किती झाडे सापडली ते मोजले जाते. या क्रमाने काम केले की सर्वेक्षणाला एकच प्रश्न विचारता येतो : किती काढायची? इमारत चार मीटर सरकवता येईल का, हा प्रश्न विचारण्याची वेळ केव्हाच निघून गेलेली असते.

महाराष्ट्राकडे कायदा नाही असे मुळीच नाही. नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा आपला अधिनियम १९७५चा आहे. वृक्ष प्राधिकरण, दर पाच वर्षांनी वृक्षगणना, झाडावर नोटीस लावणे, नागरिकांच्या हरकती ऐकणे, हे सगळे त्यात आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि जितक्या वर्षांचे झाड तोडाल तितकी नवी झाडे लावा, असा नियम केला. हेतू चांगला आहे. पण वय ठरवायचे कसे? सागाच्या खोडात वर्षावर्षाची वलये स्पष्ट उमटतात. उष्ण प्रदेशातल्या कितीतरी झाडांत ती तशी उमटत नाहीत, आणि वलये पाहायची तर खोडात भोक पाडावे लागते किंवा ते कापावे लागते. म्हणून वय घेरावरून काढले जाते. उंबर भराभर वाढतो, कवठ रेंगाळत वाढते. एका अंदाजावर भरपाईचे सगळे गणित उभे राहते आणि तक्त्यात मात्र तो आकडा ठामपणे बसलेला असतो.

झाडांचे निदान मोजमाप तरी होते. प्राण्यांचे काय? केंद्र सरकारच्या २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत इमारतींना पर्यावरण मंजुरी लागते ती बांधकाम क्षेत्र वीस हजार चौरस मीटरला पोचल्यावर. तिथून दीड लाख चौरस मीटरपर्यंतच्या प्रकल्पांचा विचार अर्जातल्या माहितीवरच होतो. सविस्तर आघात अहवाल लागत नाही. शहरात रोज पाडल्या जाणाऱ्या आणि बांधल्या जाणाऱ्या बहुतेक इमारती या आकड्यांच्या खालीच राहतात. तिथे कोणते पक्षी घरटी करतात, कोणती वटवाघळे लटकतात, हे कोणी विचारण्याची गरजच नसते. फळे खाणारी वटवाघळे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. ती अनुसूची २०२२च्या दुरुस्तीत गेली. वडाच्या आणि जांभळाच्या बिया रात्री शहरभर पेरणाऱ्या या जीवाला आपण पन्नास वर्षे उपद्रव म्हणत होतो. मग त्याच्या झाडाची वेगळी नोंद कोण ठेवणार?

मुंबईत मेट्रो कारशेडसाठी झालेल्या आरेतल्या वृक्षतोडीचे उदाहरण सगळ्यांच्या लक्षात आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर २,१४१ झाडे पडली होती. हा आकडा आपल्याला पाठ आहे. पण त्याच आरेच्या मातीतल्या एका विंचवाचे शास्त्राने २०१० मध्ये प्रथम वर्णन केले आणि त्याला आरेचेच नाव दिले, लायकस आरेयेन्सिस, हे किती जणांच्या लक्षात आहे? वारली पाड्यांतल्या माणसांना कोणत्या झाडाचा पाला कधी काढायचा आणि बिबट्या कोणत्या वाटेने उतरतो, ते ठाऊक असते. ते ज्ञान त्या मोठ्या वादात जवळजवळ बाहेरच राहिले. वाद आकड्यावर झाला, कारण सर्वेक्षणाने आपल्या हातात आकडाच दिला होता. त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्या तरुणांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच हे लिहितो आहे.

आकड्याच्या या सवयीचा सर्वांत मोठा फटका बसतो तो माळरानांना. पुण्याभोवतीच्या माळावर सर्वेक्षण करणारा जातो आणि लिहितो : झाडे शून्य. जमीन मोकळी, पडीक. त्या पडीक जमिनीवर टिटवी उघड्यावर अंडी घालते, चंडोल गातो, आणि उन्हाळ्यात गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असलेला सरडा दगडावर चढून मादीला बोलावतो. या सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये नवी प्रजाती (जीनस) म्हणून मान्यता मिळाली तेव्हा संशोधकांनी तिचे शास्त्रीय नावच सरडा असे ठेवले, आपला मराठी शब्द. आपल्या भाषेतून शास्त्रात गेलेला हा जीव आपल्याच तक्त्यात शून्य असतो. आणि दुःख इथेच संपत नाही. शहरात तोडलेल्या झाडांची भरपाई करायला जागा लागते, ती याच माळांवर आणि टेकड्यांवर शोधली जाते. खड्डे खणून, रोपे लावून गवताळ माळाचे दाट सावलीचे रान केले की टिटवी आणि सरडा दोघेही तिथून जातात. एका ठिकाणची झाडे गेली, दुसऱ्या ठिकाणचे गवत गेले, आणि दोन्ही कागदांवर हिशेब जुळला.

इंग्लंडमध्ये वटवाघळांच्या पाहणीला ऋतू ठरलेला आहे. साधारण मे ते सप्टेंबर संध्याकाळी माणसे इमारतीभोवती उभी राहून मोजतात. हिवाळ्यात नकाशा घेऊन आलात तर उन्हाळ्यापर्यंत थांबा, असे सांगितले जाते. तिथल्या बांधकामांसाठीच्या प्रमाणात खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखायचे असते : अर्ध्या मीटरचे खोड, तर सहा मीटर. तिथेही पळवाटा आहेत, बिल्डरांची कुरकुर आहे. पण झाडाला वर्तुळ असते आणि जीवाला ऋतू असतो, एवढे कागदावर मान्य आहे. आपल्याकडे खोडाला चिकटून खोदकाम होते. मुळे तुटतात, दोन पावसाळ्यांनी झाड आपसूक वाळते, आणि ते 'वाचवलेल्या' झाडांच्या यादीतच राहते.

घरे हवीत, हे मला मान्य आहे. गळक्या, मोडकळीला आलेल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला धनेशासाठी थांबा असे मी सांगणार नाही. पण जागेचा करार होण्यापासून पायाचे खोदकाम सुरू होईपर्यंत बहुधा वर्षाहून अधिक काळ जातोच. त्याच काळात आवारात चार ऋतूंत चार फेऱ्या, त्यातल्या दोन रात्रीच्या, सहज होऊ शकतात. अट एकच : या फेऱ्या इमारतीच्या नकाशाआधी झाल्या पाहिजेत. पाहणी करणाऱ्याचे पैसे बिल्डरने थेट न देता प्राधिकरणाकडे भरावेत आणि माणूस प्राधिकरणाने नेमावा. जो तोडण्याची परवानगी मागतो त्याच्याच पगारावर नोंद करणाऱ्याला 'हे झाड राहू द्या' असे लिहायला फार धैर्य लागते, आणि यंत्रणा रोजच्या धैर्यावर चालवता येत नाही. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक महापालिकेने लोक जैवविविधता नोंदवही करायची आहे. हरित लवादाने दंडाची तंबी देऊन जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर घाईने वह्या भरल्या गेल्या. बांधकामाची फाइल आली की आधी ती वही उघडायची, एवढा साधा धागा जरी जोडला, तरी ती वही खरी करण्याची गरज निर्माण होईल.

त्या उंबराच्या सुनावणीला आर्किटेक्ट आले होते. त्यांना आम्ही ढोलीची छायाचित्रे दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हे पहिल्या दिवशी कळले असते तर रॅम्प पलीकडच्या बाजूने घेतला असता, काहीच अडचण नव्हती. आता सगळे मंजूर झाले आहे. एवढेच पदरात पडले की पिल्ले बाहेर पडेपर्यंत तोड थांबली. जूनच्या अखेरीस झाड उतरवले. ओंडका उभा चिरला गेला तेव्हा ढोली आतून दिसली : तळाशी वीतभर जाडीचा भुसा, त्यात उंबराच्या बिया, किड्यांच्या पंखांची टरफले, गळलेली पिसे. मी टेप लावली. तोंडाची रुंदी नऊ सेंटिमीटर, आतली खोली बेचाळीस. तक्त्यात त्यासाठी जागा नव्हती, म्हणून क्रमांक ४७ घालून ती मापे मी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिली.