शिडी उचलली का?

पुतण्याच्या न्यू जर्सीतल्या घरामागं पोहण्याचा तलाव आहे, असं कळल्यावर माझ्या डोळ्यांपुढं संगमरवरी पायऱ्या आल्या. प्रत्यक्षात निघालं ते परसात जमिनीवर मांडलेलं अवाढव्य पातेलं. 52 इंच उंच, बाहेरून पत्रा, आतून निळं प्लॅस्टिक. खाली चूल तेवढी नव्हती.

पण थट्टा नको. पाणी 24 इंचांहून खोल असलं, की तिथल्या बहुतेक गावांत अर्ज, नकाशा, फी, तपासणी सगळं आलं. भोवती निदान 48 इंचांचं कुंपण हवं. त्याच्या फटीतून 4 इंची चेंडू जाता कामा नये. (हा चेंडू म्हणजे खरं तर एक रांगतं पोर, हे मला मागाहून उमगलं.) फाटक तलावापासून बाहेरच्या बाजूला उघडावं, आपलं आपण मिटावं आणि आपली आपण खिटीही लावून घ्यावी. आमच्या सोसायटीचं फाटक गेल्या अकरा वर्षांत कुणालाही मिटता आलेलं नाही.

पुतण्या हुशार. पातेल्याची भिंतच उंच, म्हणून तीच कुंपण म्हणून चालून गेली. अट एक, पोहून झालं की शिडी काढून ठेवायची.

पहिल्याच रात्री मी ती विसरलो. साडेअकराला हे चिरंजीव पायजम्यावर परसात धावले.

"काका, शेजारचं पोर चढलं असतं तर?"

"आपण बोलावलंय का त्याला?"

तो म्हणाला, "इथं पाणीच बोलावतं असं धरतात."

मग त्यानं गोष्ट सांगितली. नेब्रास्कात रेल्वेची, इंजिनाचं तोंड फिरवायची चकती होती. कुलूप नाही, राखण नाही. खेळायला गेलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा पाय तीत चेंगरला. कंपनी म्हणाली, तो आगंतुक, आमचा काय संबंध? 1873 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मुलाच्याच पदरात टाकली.

मला झोप आली नाही. कारण "बोलावलंय का त्याला?" हे वाक्य माझं नव्हतं. ते आमच्या दादांचं. परड्यातल्या विहिरीत पेरू चोरायला आलेला एक पोरगा पडला होता. रहाटाच्या दोराला धरून राहिला, म्हणून वाचला. त्याची आई दारात आली तेव्हा दादा ओसरीवरूनच तसं म्हणाले. बरोबरच म्हणाले. पेरू आमचे, विहीर आमची, पोरगा चोर. बाई काही न बोलता गेली.

आठवड्याच्या आत गवंडी आला आणि विहिरीला छातीइतका कठडा बांधून गेला. ना नोटीस, ना तपासनीस. कशाला, असं आईनं विचारलं तर म्हणाले, "बैल पडेल एखादा."

आमच्याकडं बैल नव्हता.

दुसऱ्या संध्याकाळी शिडी मी स्वतः काढली आणि मोटारखान्यात ठेवली. रात्री एकदा उठून पाहूनही आलो. पुतण्यानं विचारलं, काका, काय झालं? म्हटलं, तहान लागली होती.