नोंद आहे, कारण कुठे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ पडद्यावर आला आणि पाठोपाठ विकिपीडियावरच्या छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या मजकुरावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. मुख्यमंत्र्यांनी सायबर विभागाला कारवाईचे आदेश दिले, पुढे काही संपादकांवर गुन्हाही दाखल झाला. चर्चेला मात्र दोनच सूर सापडले. तिथे कुणीही काहीही लिहितं, आवरणारं कोणी नाही, हा एक. तिथे सगळंच उघड्यावर चालतं, तेव्हा काळजी कसली, हा दुसरा.

पहिला सूर अज्ञानाचा आहे. विकिपीडियावर रोज मजकूर उलटवला जातो, पानांना कुलपं लागतात, माणसांना बंदी होते. सरकारने लक्ष घालावं म्हणणाऱ्यांना ज्ञानकोश हवा आहे की राजपत्र, हे त्यांनीच ठरवावं.

दुसरा सूर अधिक सभ्य, म्हणून अधिक फसवा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तिथल्या प्रत्येक पानाला इतिहास जोडलेला असतो. कोणी कोणता शब्द कधी बदलला ते कुणालाही पाहता येतं. प्रचालकाने, म्हणजे जादा अधिकार असलेल्या संपादकाने, कोणाला रोखलं, कोणतं पान वगळलं, याच्याही जाहीर नोंदी असतात. तक्रारीला ‘चावडी’ हे चर्चेचं पान आहे. आपल्या किती संस्थांची दप्तरं इतकी उघडी असतात? तरीही एवढ्यावरून कारभार न्याय्य ठरत नाही. समजा, वाशीम जिल्ह्यात रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावावरचा लेख वाढवत नेला आणि तो वगळला गेला. कोणी वगळला, कधी वगळला, हे त्याला दिसेल. शेजारी दोन-तीन ठरावीक शब्दही असतील. पण संदर्भ नव्हते म्हणून, मजकूर उचललेला वाटला म्हणून, की जाहिरातीसारखा वाटला म्हणून? तेवढं लिहायचं प्रचालक विसरला, तर उघड्या नोंदीचा त्या विद्यार्थ्याला काडीचा उपयोग नाही. शिवाय वगळलेला मजकूर प्रचालकांखेरीज इतरांना दिसत नाही, त्यामुळे तिऱ्हाइतालाही निर्णय तपासता येत नाही. नोंद घडलेली गोष्ट सांगते. ती का घडली, हे तिला माहीतच नसतं.

मुक्त आज्ञावलीच्या जगात याचं ठसठशीत उदाहरण ऑक्टोबर २०२४ मध्ये घडलं. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, देखभालकर्त्यांच्या यादीतून रशियाशी संबंधित सुमारे डझनभर नावं काढली गेली. बदल संपूर्ण जाहीर होता, जगातल्या कोणालाही वाचता येत होता. खुलासा एवढाच की अनुपालनाच्या विविध अटींमुळे नावं काढली आहेत आणि पुरेशी कागदपत्रं दिल्यास ती परत येऊ शकतील. कोणत्या अटी, कोणती कागदपत्रं? मूळ अमेरिकी निर्बंधांत आहे, हे काही दिवसांनी दुसऱ्या एका जुन्या विकसकाने समजावून सांगितलं. निर्णय कदाचित टळण्यासारखा नव्हताही. पण वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या माणसाला आपलं नाव खोडलेलं दिसावं आणि कारण मात्र दुसऱ्याच्या तोंडून, तेही मागाहून कळावं, याला पारदर्शकता म्हणायचं असेल तर काचेच्या भिंतीमागे चाललेली कुजबुजही पारदर्शकच म्हणावी लागेल.

या बाबतीत केनवडची ग्रामपंचायत, निदान कागदोपत्री, पुढे आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ चं चौथं कलम तिलाही लागू आहे. त्यात दप्तर नीट ठेवणं ही एक तरतूद आहे; निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला त्याची कारणं देणं ही वेगळी, कलम ४(१)(घ). गैरवर्तनासाठी सरपंचाला काढायचं तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ नुसार चौकशी, नोटीस आणि म्हणणं मांडण्याची संधी आवश्यक आहे. हे गावोगाव कसं पाळलं जातं, ते सांगायला नको. पण कारण लिहिणं बंधनकारक असलं की ते खोडून काढता येतं, त्यावर अपील करता येतं. मुळात लिहिलेलंच नसेल तर अपील करायचं कशावर?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे गोपनीयता: तक्रारदाराला संरक्षण हवं. हवंच. जून २०१९ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने इंग्रजी विकिपीडियावरच्या ‘फ्रॅम’ नावाच्या प्रचालकावर वर्षाची बंदी घातली आणि तपशील द्यायला नकार दिला. निषेधार्थ अनेक प्रचालकांनी अधिकार सोडले. शेवटी तिथल्या लवाद समितीकडे काटछाट केलेली कागदपत्रं गेली, सप्टेंबरमध्ये तिने बंदी उठवली, पण प्रचालकपद परत दिलं नाही. ती कागदपत्रं आजही जाहीर नाहीत, आणि ती जाहीर करायची गरजही नव्हती. बंदी घालणाऱ्याहून वेगळ्या कोणीतरी कारण तपासणं, एवढंच हवं होतं. पुरावा झाकून ठेवूनही कारण देता येतं. गोपनीयतेचा दाखला देणारे या दोन्हींची गाठ मारतात, कारण ती सोयीची असते.

प्रचालक बिनपगारी आहेत, त्यांना वेळ कुठला, असंही म्हटलं जातं. एक ओळ लिहायला फार वेळ लागत नाही. मराठी विकिपीडियावर खरी अडचण माणसांची आहे: मोजके सक्रिय प्रचालक, इंग्रजीसारखी लवाद समिती नाही, त्यामुळे रोखणारा आणि दाद ऐकणारा एकाच लहान वर्तुळातले. अशा ठिकाणी निदान इतकं तरी करता येईल: रोखताना ज्या संपादनावरून रोखलं त्याचा दुवा द्यावा, मोडलेला नियम नावानिशी लिहावा आणि रोखलेल्याची विनंती दुसऱ्याच प्रचालकाने निकाली काढावी. यासाठी नवी आज्ञावली लिहावी लागत नाही. चावडीवर एक प्रस्ताव मांडून तो संमत करून घ्यावा लागतो.