पिकअप विकत घेण्याआधी

चि. सोन्यास,


तुझी यादी मिळाली. ब्रिजपाशी जहाल हंबकर, उरलेल्या दोन जागी 'व्हिंटेज' सिंगल कॉइल, नवे पॉट, नवा स्विच आणि वर एक पेपर-इन-ऑइल कपॅसिटर. बेरीज केलीस तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. त्याला माझी हरकत नाही, हौसेला मोल नसतं. हरकत एवढीच की एवढ्या मोठ्या यादीत तुला आवाज कसा हवा आहे याबद्दल एकच वाक्य आहे: "आवाजात दम नाही." दम नेमका कुठे कमी पडतो? क्लीन वाजवताना की डिस्टॉर्शनवर? घरी एकट्याने वाजवतानाही पोकळ वाटतो, की फक्त ड्रम सुरू झाल्यावर गिटार हरवते? प्रत्येकाचं औषध वेगळं आहे आणि त्यातली बरीचशी औषधं फुकट मिळतात.

मिरजेत तंबोरा नीट बोलत नाही म्हणून कुणी नेला, तर सतारमेकर लगेच भोपळा बदलायला सांगत नाही. तो आधी जवारी पाहतो, घोडीचा उतार घासतो, आणि तोच तंबोरा पुन्हा गायला लागतो. तुझ्या स्ट्रॅटच्या नकलेला आधी हाच न्याय लाव.

नव्या तारा चढव. रत्नागिरीच्या दमट हवेत तारा किती लवकर काळ्या पडतात हे तुला सांगायला नको. गंजकी तार कोणत्याही पिकअपवर मेलेलीच वाजणार. मग नेकचा बाक पाहा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात साधारण पाव मिलिमीटर फट असावी. गॅरेजमध्ये टॅपेटसाठी वापरतात ते फिलर गेज इथे चालतं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे, कमी असेल तर डावीकडे, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, उन्हाळ्यात सोडतं, तेव्हा वर्षातून एकदोनदा हे पाहावंच लागेल. त्यानंतर ॲक्शन: सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दीड मिलिमीटरच्या आसपास ठेव आणि तुझ्या हाताला काय रुचतं ते पाहत थोडी वरखाली कर. शेवटी इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर त्याच जागच्या हार्मोनिकपेक्षा चढा असेल तर सॅडल मागे ने, उतरा असेल तर पुढे आण.

आता पिकअपची उंची. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक लोक इथेच हार मानतात आणि पैसे काढतात. पिकअपच्या दोन्ही बाजूंना जे स्क्रू असतात ते शोभेचे नाहीत. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून चुंबक आणि तार यांच्यातलं अंतर मोज. साध्या स्ट्रॅट पिकअपसाठी फेंडर कंपनी जाड तारेच्या बाजूला सुमारे २ मिमी आणि बारीक तारेच्या बाजूला १.६ मिमी सांगते. तिथून सुरुवात कर, मग कानाने चाल. जवळ आणलंस तर आवाज मोठा आणि खरखरीत होतो, लांब नेलंस तर मऊ आणि मोकळा. "दम" हवा म्हणून पिकअप तारांना जवळजवळ टेकवायचा मोह होईल. तो टाळ. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये अल्निकोचे उभे चुंबक असतात, ते पोलादी तारेला खेचतात. मग जाड ई तार वरच्या फ्रेटवर वाजवली की सुरात वळवळ येते, एकाच वेळी दोन सूर ऐकू आल्यासारखं वाटतं, आणि कितीही सॅडल फिरवली तरी इंटोनेशन जुळत नाही. मंडळी याचं खापर नेकवर फोडतात. पिकअप दोन मिलिमीटर खाली घे, बहुतेक वेळा सगळं शांत होतं. तिन्ही पिकअपचा आवाज एकमेकांशी जुळवायचाही हाच रस्ता आहे: ब्रिजपाशी तारेची थरथर कमी असते म्हणून तिथला पिकअप किंचित वर, नेकपाशी ती जास्त असते म्हणून तिथला खाली.

एवढं करून आठवडाभर वाजव. फोनवर रेकॉर्ड करून ठेव, त्याच ॲम्पवर, त्याच नॉबवर. त्यानंतरही समाधान झालं नाही, तर पुढे वाच.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेची जाडी जेमतेम ०.०६ मिमी, म्हणून स्क्रू ड्रायव्हर घसरून कॉइलला लागला की पिकअप कायमचा मुका. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरते आणि कॉइलमध्ये वीज उमटते, हे तू अकरावीत शिकलास. पुस्तकात न आलेली गोष्ट अशी की कॉइल एकटी काम करत नाही. तिचा इंडक्टन्स आणि तुझ्या केबलची कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक फ्रीक्वेन्सीपाशी आवाज उचलून धरतात आणि त्याच्या वर झपाट्याने गळू देतात. पाच-सहा मीटरची साधी केबल जवळपास ६०० पिकोफॅरड धर. जुन्या घाटाच्या स्ट्रॅट पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्रीच्या आसपास, म्हणजे उठाव येतो ४ किलोहर्ट्झपाशी. जुन्या घाटाचा हंबकर चार-साडेचार हेन्रीचा, उठाव ३ किलोहर्ट्झपाशी. आणि तुझ्या यादीतल्यासारखा जहाल हंबकर आठ हेन्रीकडे झुकणारा असला, तर उठाव सव्वादोन-अडीच किलोहर्ट्झवर उतरतो. वेढे वाढवले की आवाज वाढतो आणि वरचं तेज जातं. ते कितीही पैसे मोजून परत येत नाही.

दुकानदार तुला 'किती किलोओहम' ते सांगतील. त्या आकड्यावर भुलू नकोस. तो फक्त तारेचा रोध आहे. बारीक तार वापरली की वेढे तेवढेच राहूनही रोध वाढतो. एकाच कंपनीच्या दोन सारख्या घाटाच्या पिकअपची तुलना करायला तो बरा, त्यापलीकडे त्याची फार मातब्बरी नाही.

या जहाल पिकअपमागे काळाचाही एक भाग आहे. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला १९५५ साली, तो मुख्यतः गुणगुण घालवण्यासाठी. वेगळा विकत घेऊन बसवण्याचा पिकअप म्हणून गाजलेला पहिला म्हणजे लॅरी डिमार्झिओंचा सुपर डिस्टॉर्शन, १९७२ सालचा. त्या काळच्या ॲम्पमध्ये गेन बेताचाच असे. ॲम्प फाटायला हवा तर गिटारकडूनच जोराचा धक्का द्यावा लागे. तुझ्याकडे जो छोटा डिजिटल ॲम्प आहे, त्यात गेनचा नॉब निम्म्यावर नेला तरी भिंती हलतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या ॲम्पची अडचण सोडवणारं औषध तुला कशाला? माझं ऐकशील तर ब्रिजपाशी मध्यम ताकदीचा, जुन्या घाटाचा हंबकर घे, आणि बाकीचे दोन पिकअप सध्या आहेत तेच राहू दे. एकाच वेळी सगळं बदललंस तर कशाने काय झालं हे तुला कधीच कळणार नाही.

फेरफार करण्याला माझा विरोध आहे असं समजू नकोस. लिओ फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना गिटार वाजवता येत नव्हती. १९५४ सालच्या स्ट्रॅटला तीन जागांचा स्विच होता. वादक तो दोन जागांच्या मध्ये अडकवून ठेवायचे, कारण तिथला आवाज त्यांना आवडायचा. पाच जागांचा स्विच कारखान्यातूनच येऊ लागला तो १९७७ मध्ये. एडी व्हॅन हेलनने तर गिब्सनचा हंबकर काढून स्ट्रॅटच्या घाटाच्या धडात ठोकला आणि शिट्टी मारू नये म्हणून मेणात बुडवला. मेणाचा प्रयोग तू हॉस्टेलच्या खोलीत करू नकोस. पॅराफिन पेट घेतं, आणि आजचे बरेचसे पिकअप मेण भरूनच येतात.

मागवण्याआधी पिकअप बसेल का ते पाहा. पिकगार्ड उघड. खाली लाकडात हंबकरएवढी जागा कोरलेली आहे की फक्त सिंगल कॉइलची? लहान असेल तर सिंगल कॉइलच्या मापात बसणारे हंबकर मिळतात, ते घे. छिन्नी हातात घेऊ नकोस. ब्रिजवरच्या सहा तारांचं पहिलीपासून सहावीपर्यंतचं अंतर मोज. गिब्सनच्या मापाचे पिकअप ४९-५० मिमीचे असतात, ट्रेमोलो ब्रिजच्या गिटारला ५२-५३ मिमीचे हवेत. पॉटही मोजून घे. चांगले अमेरिकन पॉट साडेनऊ मिमीच्या भोकात बसतात, तुझ्या पिकगार्डची भोकं लहान असण्याचीच शक्यता जास्त, आणि जुने नॉब नव्या दांड्यावर बसतीलच असं नाही. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट वापरतात आणि हंबकरला ५०० चे, कारण पॉट जितका लहान तितकं तेज तो खातो. दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर असतील तर ५०० चा पॉट घालून फक्त सिंगल कॉइलला स्विचपाशी ४७० किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोड, त्याला २५० च्या जवळपासचा भार दिसतो. रेझिस्टर लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास चिल्लर पैशांत मिळतो. आणि तो तेलातला कपॅसिटर यादीतून काढ. ०.०२२ मायक्रोफॅरडचा साधा फिल्म कपॅसिटर तेच काम करतो.

सोल्डरिंगला बसण्याआधी जुन्या वायरिंगचे फोटो काढ, दोन-तीन बाजूंनी. पॉटच्या पाठीवर सोल्डर घ्यायला २५ वॉटचं आयर्न अपुरं पडतं. ते तापेपर्यंत तू आयर्न टेकवून बसतोस आणि पॉटच्या आतली पट्टी भाजते. ५०-६० वॉटचं घे, पाठ सँडपेपरने घास, पटकन टेकव, पटकन उचल. सोल्डर ६०/४० चं, आत रोझिन असलेलं. खिडकी उघडी ठेव, झाल्यावर हात धू. वायर थंड होईपर्यंत हलवू नकोस, नाहीतर ड्राय सोल्डर राहतं आणि नेमका गॅदरिंगच्या दिवशी आवाज जातो. ब्रिजकडून येणारी अर्थची वायर पॉटच्या पाठीला जोडायला विसरू नकोस.

चार वायरींच्या हंबकरमध्ये रंगांचा घोळ असतो. सीमोर डंकनमध्ये काळी वायर हॉट, लाल-पांढरी एकमेकांना जोडायची. डिमार्झिओमध्ये लाल हॉट, काळी-पांढरी एकमेकांना. दोन्हींत हिरवी आणि उघडी अर्थला. एकाचा नकाशा दुसऱ्याला लावलास तर आवाज येईल, पण भलताच. फेज आधीच तपास: मल्टिमीटर रोधावर ठेवून पिकअपच्या दोन टोकांना लाव, पिकअपवर स्क्रू ड्रायव्हरचं पातं टेकव आणि झटकन उचल. आकडा क्षणभर वर किंवा खाली जातो. जुन्या पिकअपचाही असाच पाहा. लाल प्रोब हॉटवर असताना सगळ्यांचे आकडे एकाच दिशेला हलले पाहिजेत. एखादा उलटा गेला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल कर, नाहीतर मधल्या जागांवर आवाज कागदासारखा पातळ येईल.

सगळं झाल्यावर ॲम्पला लाव. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक आहे. वाढली तर जॅकवरच्या दोन वायरी उलट्या लागल्या आहेत.

आणि एक गोष्ट, जी मी तुझ्या आईच्या वतीनेही सांगतो. तुझ्या तारा केबलमधून थेट ॲम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. हॉस्टेलच्या दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थची पिन कापलीस, किंवा गणपतीच्या मांडवात जनरेटरवर बिनअर्थचा बोर्ड मिळाला, तर तार हातात आणि ओठ माईकला लागले की शॉक बसू शकतो, आणि तो जीवघेणाही ठरू शकतो. कुठेही नव्या जागी वाजवण्याआधी तारांना आणि माईकच्या जाळीला टेस्टर लाव. दिवा लागला तर प्लग काढ आणि कुणी कितीही घाई केली तरी वाजवू नकोस.

जुने पिकअप वायरी न कापता डब्यात ठेव, स्क्रू आणि स्प्रिंगसकट. गिटार विकायची वेळ आली तर घेणारा बहुधा तेच मागेल. दिवाळीला येशील तेव्हा माझं ६० वॉटचं आयर्न आणि मल्टिमीटर घेऊन जा, विकत घेऊ नकोस. येताना ते आठवड्याभराचं रेकॉर्डिंग मात्र आण. ते ऐकूनच कुठला हंबकर मागवायचा ते ठरवू.

तुझा,
मामा