दूरदेशीचे पुत्र आणि जवळचे लोक

आपल्या माणसांपासून दूर राहणाऱ्याचे कर्तव्य कोठवर पोहोचते, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु २०२० सालच्या महासाथीने त्यास जे रूप दिले ते नवे होते. त्या वर्षीच्या २२ मार्चपासून परदेशांतून भारतात येणारी प्रवासी विमाने थांबली, आणि नियमित वाहतूक पूर्ववत सुरू व्हावयास २७ मार्च २०२२ हा दिवस उजाडावा लागला. या दोन वर्षांत परदेशस्थ मराठी कुटुंबांस ज्या अडचणी सोसाव्या लागल्या त्या वरवर पाहता अगदी संसारी होत्या. कोणाच्या व्हिसाची मुदत संपली, कोणाच्या पासपोर्टाची. कोणाची नोकरी गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेला वास्तव्याचा परवानाही धोक्यात आला. इकडे यवतमाळ शहरास लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या गावी मागे राहिलेल्या वृद्ध आईबापांची विवंचनाही तितकीच साधी होती. रक्तदाबाच्या गोळ्या कोण आणणार, बँकेत कोण जाणार, रात्री छातीत कळ आली तर हाक कोणास मारावी? अशा किरकोळ भासणाऱ्या गोष्टींतच नीतीचे खरे प्रश्न दडलेले असतात, असे आम्हांस वाटते.

पूर्वी परदेशी जाणारा मनुष्य काय सोडून जात आहे हे जाणून जात असे. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या त्या जूनमध्ये अमेरिकेस पोहोचल्या. घरी कोणी अत्यवस्थ आहे असे कळले असते तरी त्यांचे पोहोचणे शक्य नव्हते, आणि हे त्यांनाही ठाऊक होते व त्यांच्या माणसांनाही. त्या निरोपात एक प्रकारचा हिशेब पुरा होत असे. विमानाने हा हिशेब लांबणीवर टाकला. 'वेळ आली तर दोन दिवसांत येतोच', हे वाक्य गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती घरांत उच्चारले गेले असेल! ते बोलणारा खोटे बोलत नव्हता. परंतु आपल्या कर्तव्यबुद्धीचा सारा भार आपण एका विमानकंपनीच्या वेळापत्रकावर ठेविला आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नव्हती, आणि खरे बोलावयाचे तर आईबापांनाही ती ध्यानात घ्यावयाची नव्हती.

जे करणे शक्यच नाही ते न केल्याचा दोष कोणास लागत नाही, हे तत्त्व सर्वमान्य आहे. शिवाय त्या दिवसांत पुण्यातल्या मुलासही परवान्यावाचून जिल्ह्याची हद्द ओलांडता येत नव्हती, आणि अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसे जमू नयेत असा नियम होता. अंतर मैलांनी मोजण्याचे दिवसच ते नव्हते. तेव्हा आईच्या अखेरच्या वेळी जो येऊ शकला नाही, ज्याने दूरध्वनीच्या पडद्यावर चिता पाहिली, त्यास बोल लावणे निर्दयपणाचे होय. परंतु या तत्त्वाचा आधार घेऊन सर्वच ऋणातून मोकळे होता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या रात्री येणे अशक्य होते हे खरे. पण त्या रात्रीची तजवीज आधीच्या दहा वर्षांत करणे अशक्य नव्हते.

सरकारच्या वागणुकीचाही येथे विचार केला पाहिजे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातील पहिले रुग्ण सापडले ते दुबईहून परतलेले दांपत्य होते, आणि त्याच सहलीतील यवतमाळच्या काही प्रवाशांनाही पुढे रोगाची बाधा झाल्याचे आढळले. तेव्हा बाहेरून येणाऱ्याची धास्ती आमच्या भागात तरी काल्पनिक नव्हती. परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यात आला, तो कितीही कठोर वाटला तरी आम्ही त्यास अन्याय म्हणणार नाही. सर्वांच्या जीविताचा प्रश्न असता चौदा दिवस वेगळे राहण्यास सांगणे निराळे, आणि दारच न उघडणे निराळे. ऑस्ट्रेलियाने मे १९४८ नव्हे, मे २०२१ मध्ये भारतात असलेल्या आपल्याच नागरिकांस परत येण्यास मनाई केली, व मोडल्यास कैदेची शिक्षाही सांगितली. ती बंदी पंधरवड्याच्या आतच उठली. परंतु आजारी नागरिक तो नागरिकच, हे एका सुधारलेल्या राष्ट्रास विसरता आले, ही गोष्ट लहान नव्हे.

आपल्याकडे मे २०२० मध्ये 'वंदे भारत' नावाने विमाने सोडण्यात आली. भाडे प्रवाशानेच द्यावयाचे होते; तरी ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, जी स्त्री गरोदर आहे, ज्याची नोकरी गेली आहे, त्यांस अग्रक्रम होता, हे योग्यच झाले. पण आरंभी एक विलक्षण प्रकार घडला. आईबाप भारतीय नागरिक, आणि तान्हे मूल परदेशी जन्मल्यामुळे तेथील नागरिक. त्याच्यापाशी भारत सरकारचेच परदेशस्थ भारतीयांस मिळणारे कार्ड. त्या कार्डावरील प्रवेशाची सवलत मार्चमध्येच स्थगित झालेली असल्याने आईबापांस विमानात जागा होती, मुलास नव्हती! २२ मे रोजी ही अट सैल करण्यात आली. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही मानीत नाही. त्यांनी माणसे मोजली ती कागदांवरून, आणि कुटुंब कोणत्याही एका कागदावर मावत नाही.

तथापि आमच्या मनास अधिक टोचणारा प्रश्न सरकारचा नाही, जवळच्यांचा आहे. मुलगा येऊ शकला नाही, तरी काम कोणी तरी केलेच. गोळ्या आणल्या शेजाऱ्याने. तोंडाला फडके बांधून डबा उंबऱ्याशी ठेवला शेजारणीने. इस्पितळात नेले ते बहुधा गावातच दिलेल्या बहिणीने, आणि तेव्हा इस्पितळात जाणे म्हणजे स्वतःचा जीव पणास लावणे होते. यांतील कोणाचेही नाव पुत्रधर्माच्या व्याख्येत येत नाही. परदेशस्थ मुले कृतघ्न असतात असे नव्हे. ती पैसे पाठवितात, आणि मनापासून पाठवितात. पण शेजाऱ्याच्या हाती पाकीट ठेवावे तर तो रागावतो, आणि न ठेवावे तर ऋण तसेच राहते.

बहिणीची गोष्ट त्याहून नाजूक आहे. आता वाटा खुल्या झाल्या. मुले येतात, घराचे व शेताचे काय करावयाचे हे ठरविण्यासाठीही येतात. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच हिस्सा मिळाला, ही सुधारणा आम्ही मनःपूर्वक इष्ट मानतो. परंतु समान हिस्सा देऊन बहिणीस न्याय दिला असे जेव्हा दूरचा भाऊ समाधानाने म्हणतो, तेव्हा त्या दोन वर्षांतल्या रात्री त्याने कोणत्या रकान्यात धरल्या, हे विचारावेसे वाटते. सातबाऱ्यावर सर्व वारसांची नावे सारख्याच अक्षरांत चढतात; कोण कोठे होते हे तलाठ्याने विचारावयाचे कारण नाही. ते विचारावयाचे तर त्या भावंडांनीच एकमेकांस, आणि तेही सह्या होण्यापूर्वी.