भरताचं हरीण

गेल्या मे महिन्यात आमचा कुत्रा मोती गेला. चंद्रपूरच्या उन्हात त्याच्यासाठी ओलं करून अंथरायचो, ते पोतं अजून दारामागेच आहे. उचलवत नाही.

आजी भागवतातली गोष्ट सांगायची. राज्य सोडून वनात गेलेल्या भरतानं नदीत पडलेलं पाडस वाचवलं, त्यात जीव गुंतला आणि पुढचा जन्म हरणाचा मिळाला. मग माया हा दोषच का?

उत्तर मला हेमलकशात सापडलं. तिथं 1973 साली माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत आई मेलेलं माकडाचं पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं; त्यातूनच प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. पण शिकाऱ्यांना त्यांनी दोष दिला नाही. त्यांची भूक ओळखली, पिल्लांच्या बदल्यात धान्य दिलं.

पाडस उचललं ही भरताची चूक नव्हतीच. त्याची माया एका हरणापाशी थांबली. हेमलकशाची माया पिल्लाकडून भुकेल्या माणसापर्यंत गेली. अशी माया बांधत नाही, मोकळं करते.

उद्या ते पोतं ओलं करीन. गल्लीत दुसरी कुत्री आहेतच.